एक नोंद, अनेक हात

सप्टेंबर १९९४मध्ये सिकंदराबादला रेल्वे आरक्षणाची 'कॉन्सर्ट' ही प्रणाली देशात प्रथम सुरू झाली. एप्रिल १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि सिकंदराबादच्या खिडकीवर मुंबई-दिल्ली प्रवासाचेही तिकीट मिळू लागले. या सोयीबरोबर एक अवघड प्रश्न आला. दोन शहरांतल्या कारकुनांनी एकाच क्षणी एकच बर्थ मागितला, तर तो मिळायचा कोणाला?

हाच प्रश्न हैदराबादमधल्या एखाद्या दवाखान्याला किंवा ग्रंथालयालाही पडतो. चार संगणक, एक सामाईक फाइल आणि मायक्रोसॉफ्टचे १९९२पासून चालत आलेले डेटाबेस सॉफ्टवेअर 'अ‍ॅक्सेस' एवढ्यावर तिथले काम चालते. माहिती भरायचा पडदा, म्हणजे फॉर्म, बनवताना मात्र निवड करावी लागते : बाउंड की अनबाउंड?

बाउंड फॉर्म थेट तक्त्याला जोडलेला असतो. रकाना बदलून पुढच्या नोंदीवर गेलात की बदल आपोआप साठवला जातो. शोधणे, साठवणे, बदल मागे घेणे यासाठी फारसे प्रोग्रॅमिंग लागत नाही. पण हा फॉर्म उघडा असेपर्यंत सामाईक फाइलशी संबंध कायम राहतो. डेटाबेसचे इंजिन प्रत्येकाच्या संगणकावर चालत असल्याने माहिती सतत नेटवर्कवरून ये-जा करते. लिहिता लिहिता वायफाय तुटले, तर फाइल बिघडू शकते.

अनबाउंड फॉर्मचे रकाने कोणत्याच तक्त्याला जोडलेले नसतात. प्रोग्रॅम एक नोंद वाचून आणतो, संबंध तोडतो आणि 'साठवा' म्हटल्यावरच परत लिहितो. नेटवर्कवरचा भार कमी होतो, पण सगळी जबाबदारी प्रोग्रॅमरवर येते.

खरा धोका इथेच आहे. समजा, दोघांनी एकाच रुग्णाची नोंद उघडली. एकाने पत्ता सुधारून साठवला. दुसऱ्याने शुल्क बदलले आणि साठवताना आपल्याकडचा जुना पत्ताही परत लिहिला. पहिल्याची दुरुस्ती पुसली गेली आणि कोणाला कळलेही नाही. बाउंड फॉर्म अशा वेळी इशारा देऊन विचारतो : आपला बदल लादायचा, क्लिपबोर्डवर ठेवायचा, की सोडून द्यायचा? अनबाउंड फॉर्म निवडला की ही फुकटची राखण जाते.

तिची भरपाई करता येते. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि वाचताना जो होता तोच अजून असेल तरच लिहावे. लिहिताना क्रमांक वाढवावा. क्रमांक बदललेला आढळला, तर मध्ये दुसऱ्या कोणाचा तरी हात लागून गेला आहे. कुंग आणि रॉबिन्सन या संशोधकांनी १९८१मध्ये याच विचाराची शास्त्रीय मांडणी केली : आधीपासून कुलूप लावून इतरांना खोळंबवू नये, शेवटी तपासावे.

म्हणून छोट्या कार्यालयाने तारेने जोडलेले नेटवर्क वापरावे, प्रत्येक संगणकावर फॉर्मची स्वतंत्र प्रत ठेवावी आणि बाउंड फॉर्ममध्ये सगळा तक्ता न उघडता हवी तेवढीच नोंद मागवावी. बहुतेकांचे काम एवढ्यात उत्तम चालते. माणसे वाढली किंवा शाखा दुसऱ्या शहरात गेली, तर आधी माहिती सर्व्हर डेटाबेसमध्ये हलवावी. दूरच्या नेटवर्कवरची सामाईक फाइल कोणत्याही फॉर्मने सुरक्षित होत नाही. आणि अनबाउंड फॉर्म लिहायला घ्याल, तेव्हा आवृत्तीची तपासणी पहिल्याच दिवशी लिहा. पुसली गेलेली नोंद तक्रार करायला येत नाही; तिची किंमत रुग्ण किंवा वाचक मोजतो.