ड्रेसिंग टेबल घेताना : आधी दार मोजा, मग दाम

लग्नसराई जवळ आली की पतपेढीत कर्जाच्या अर्जांची रीघ लागते. आम्ही हे अर्ज वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. कारणाच्या रकान्यात 'मुलीचे लग्न' एवढेच लिहिलेले असते. पण समोर बसलेल्या बापाला दोन शब्द विचारले की खिशातून यादी बाहेर येते. कपाट, कॉट, गादी, भांडी आणि हटकून ड्रेसिंग टेबल! यादी कोणी केली असे विचारले तर बाप खाली पाहतो. यादी मुलाकडून आलेली असते. मुलाकडून मागणी झाली म्हणजे तो हुंडाच होय, मग ती रोकड असो वा आरसा. १९६१ च्या कायद्याने घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार ठरतात, हे आमच्या बांधवांना ठाऊक नाही असे नाही. तरीही यादी येते आणि सही होते.

आणि हे टेबल ज्या खोलीत जाते ती केवढी? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, आलागेला सारेच. तेथे ड्रेसिंग टेबलावर सहा महिन्यांत मिक्सर बसतो आणि स्टुलाचा उपयोग पंखा पुसण्यासाठी होतो. मात्र आता काळ पालटतो आहे. वरळीच्या चाळींच्या जागी बांधलेल्या इमारतींत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढलेल्या घरांना प्रथमच 'बेडरूम' हा शब्द स्वतःच्या घराबद्दल वापरता येतो आहे. अशा घरातील मुलीने ड्रेसिंग टेबल हवे म्हटले तर तिला नटवी म्हणून हिणवू नये. लग्नाच्या यादीतले टेबल वेगळे आणि हे वेगळे.

आम्ही तर म्हणतो, आरशाच्याही आधी खण पाहावा. एका खोलीच्या घरात मुलीचे स्वतःचे असे कुलुपाचे काहीच नसते. तिचे शाळा सोडल्याचे दाखले, मार्कशीट, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक हे सारे आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली, नाहीतर कपाटावरच्या पिशवीत. वैधता प्रमाणपत्राला पावसाचे पाणी लागले म्हणजे किती हेलपाटे पडतात ते ज्याने मारले त्यालाच कळते. म्हणून टेबलाला निदान एक खण किल्लीचा असावा आणि किल्ली जिचे टेबल तिच्याकडे असावी. भावाने, उद्या नवऱ्यानेही, ती मागू नये. खण पुरा बाहेर ओढून पाहावा. तळाला पातळ हार्डबोर्ड ठोकलेला असेल तर दोन फायलींच्या वजनाने तो खाली झुकतो.

टेबलाची उंची २८ ते ३० इंच असेल आणि खाली गुडघे शिरायला मोकळी जागा असेल, तर त्यावर अभ्यासही होतो. पुढून बंद दारे असलेली टेबले दिसायला देखणी. पण वही ठेवून बसायला गेले की गुडघे आपटतात.

आता आरसा. पूर्ण देह दिसायला पूर्ण उंचीचा आरसा लागतो ही समजूत चुकीची आहे. आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग आपण जवळ उभे राहा की लांब. ५ फूट ४ इंच उंचीच्या बाईला ३२ इंचांचा आरसा पुरे. फक्त त्याची खालची कड जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर हवी. मात्र तोच आरसा टेबलाच्या फळीमागे उभा केला की पुढे आलेली फळी पाय झाकते आणि साडीच्या निऱ्या दिसत नाहीत. त्यासाठी एका बाजूला लांब आरसा आणि दुसऱ्या बाजूला खण अशी जुन्या पद्धतीची रचनाच सोयीची. काच ४ किंवा ५ मिलिमीटरची घ्यावी. दुकानातली ट्यूबलाइट आरशात पाहात बाजूला सरकावे. ट्यूब वाकडीतिकडी लहरली तर काच हलकी समजावी.

आरसा खिडकीसमोर लावला तर पाठीवर उजेड आणि तोंडावर अंधार अशी गत होते. खिडकी बाजूला राहील अशी भिंत निवडावी. पलंगासमोर आरसा अशुभ असे दुकानदार सांगू लागला तर त्याला हसून लाकडाबद्दल विचारावे.

कारण खरी फसगत लाकडात होते. वरून सागवानी दिसणारे बहुतेक स्वस्त सामान पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे डिंकात दाबलेल्या लाकडाच्या चुऱ्याचे असते. फरशी पुसताना पाणी लागले की पाय फुगतात, आणि एकदा निघालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. भाड्याच्या घरात किंवा संक्रमण शिबिरात राहणाऱ्यांना सामान दोन-तीनदा हलवावे लागते; त्यांनी हे घेऊच नये. प्लायवूड असेल तर शिक्का पाहावा. आयएस ३०३ हे साधे, आयएस ७१० हे पाण्यात टिकणारे. ओशिवरा किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पाठीमागची बाजू आणि खणाची आतली कड पाहिल्याशिवाय भाव करू नये. आमच्या परिचयातील एका सुताराने घरच्या जुन्या सागवानी दाराचे ड्रेसिंग टेबल करून दिले, ते आजही खणखणीत आहे.

हप्त्याचा हिशेब मात्र कागदावर करावा. समजा टेबल १२,००० रुपयांचे आहे आणि दुकानदार वर्षाला १५ टक्के फ्लॅट व्याज सांगतो. व्याज झाले १,८००, हप्ता १,१५०. ऐकायला ठीक! पण मुद्दल दरमहा फिटत असता व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर मोजले जाते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर २६ टक्क्यांच्या वर जातो. 'शून्य टक्के' म्हणणाऱ्याला प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने किंमत किती, हे दोन प्रश्न विचारावेत. तेच १,१५० रुपये दरमहा बाजूला टाकले तर अकरा महिन्यांत टेबल रोखीने येते.

बिल पक्के घ्यावे. त्यावर लाकडाचा प्रकार आणि काचेची जाडी लिहून घ्यावी, म्हणजे पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर हाती कागद राहतो. आरसा सुटा होतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. एका चाळीत टेबल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकून रात्रभर जिन्यातच राहिल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि हमालांनी ते खाली नेण्याचे वेगळे पैसे घेतले. दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टच्या तोंडाची मापे चिठ्ठीवर लिहून ती खरेदीला निघतानाच पिशवीत टाकावी.