गळा आशाताईंचा, गाणं भलत्याचं

गाणं आशा भोसले यांच्या आवाजात, पण ते त्यांनी कधी गायलेलंच नाही. ना तालीम, ना संगीतकाराशी चर्चा. जुन्या ध्वनिमुद्रणांवर संगणकाला शिकवलं की तो हव्या त्या शब्दांना तो गळा देतो. अशी साधनं पुरवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आशाताई मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम आदेशात म्हटलं, की नामवंताच्या संमतीशिवाय त्याचा आवाज बनवून देणारं साधन उपलब्ध करणं हाच त्याच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग आहे. याच न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही असाच दिलासा दिला होता.

हा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलाय? थेट कुठेच नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना संरक्षण देतो. गायकाला त्याच्या सादरीकरणावर हक्कही देतो. पण जे गायलंच नाही, त्याचं सादरीकरण कुठून आणायचं? श्वास कुठे घ्यायचा, शब्दावर किती रेंगाळायचं, ही आयुष्यभराची कमाई कायद्याच्या ‘कृती’त बसत नाही. म्हणून न्यायालयांना ठिगळं जोडावी लागतात: घटनेच्या कलम २१ मधला खासगीपणा, ट्रेडमार्क, आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये हे जुनं तत्त्व.

ठिगळांना मर्यादा असतात. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांच्या ओळखीबरोबर त्यांच्या सिनेमातल्या ‘झकास’ या शब्दालाही संरक्षण दिलं. हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे इथे फार जपून पावलं टाकायला हवीत. खऱ्या विडंबनाला आणि टीकेला मोकळीक आहे, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, ते बरं झालं.

माणूस गेल्यावर काय? सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असं मत दिलं. ए. आर. रहमान यांनी मात्र ‘लाल सलाम’ या चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरताना कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. कायद्याने सांगण्याआधीच त्यांनी रीत घालून दिली.

वकिलांची फौज उभी करणं नामवंतांना जमतं. “आई, अपघात झालाय, पैसे पाठव,” असा मुलाच्या नकली आवाजातला फोन येतो तेव्हा गृहिणीने कुठे जायचं? डेन्मार्कच्या सरकारने २०२५ मध्ये प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर हक्क देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडेही असाच, सर्वांसाठीचा कायदा हवा. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं तोतयेगिरीचं कलम ६६-ड हाताशी आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.