घाटातल्या जीपचा सायलेन्सर

जुनी जीप नव्याने उभी करायला घेतली की पैसा आणि हौस आधी रंगावर, हुडावर, हेडलाइटवर खर्च होते. धुराच्या नळीचा विचार येतो शेवटी, आणि तोही बहुधा एकाच प्रश्नापुरता: आवाज किती भारी काढायचा? महाड-पोलादपूर पट्ट्यात, जिथे एका बाजूला आंबेनळी, दुसऱ्या बाजूला कशेडी, तिसऱ्या बाजूला वरंधा आणि डोक्यावर चार महिने कोसळणारा पाऊस, तिथे हा प्रश्नच चुकीचा आहे. जुन्या धाटणीचा सायलेन्सर बनवायचा तर नळीचा मार्ग, तिची जाडी आणि डब्याचे आकारमान जुने ठेवावे आणि धातू खुशाल बदलावा. आपल्याकडे सर्रास होते ते नेमके उलटे. धातू तोच साधा पत्रा राहतो आणि आकार मात्र मन मानेल तसा बदलतो.

मोठ्या आवाजाचे समर्थन करताना अमेरिकेतल्या हॉट रॉडचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून तो नीट तपासायला हवा. दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या सोलून हलक्या करत आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवत. त्या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ साली तिथे संघटनाही उभी राहिली. या गाड्यांच्या बाजूने निघणाऱ्या सरळ नळ्यांना ‘लेक पाइप’ म्हणत. पण त्या नळ्यांच्या तोंडावर बोल्टने बसणारी झाकणे असत, हे मात्र कोणी सांगत नाही. रस्त्यावर झाकण बंद असे आणि धूर सायलेन्सरमधून जाई; तळ्यावर पोचल्यावर झाकण काढायचे. म्हणजे ज्यांच्या नावावर हा गडगडाट खपवला जातो, तेसुद्धा गावात सायलेन्सर लावूनच फिरत.

‘मोठी नळी म्हणजे जास्त ताकद’ हा दुसरा दाखला अर्धाच खरा आहे. १९३२ चे फोर्डचे व्ही-८ इंजिन आणि आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडायला घेतलेल्या विलिस जीपचे इंजिन, दोन्हींत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले. घराणे एक म्हणा ना. पण विलिसचे चार सिलिंडर, साधारण २.२ लिटर आणि ताकद ६० हॉर्सपॉवर. त्याचा सगळ्यात चांगला टॉर्क मिळतो २००० आरपीएमच्या आसपास, आणि घाटात गाडी चढते ती याच टॉर्कवर. सिलिंडरमधून धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. नळी बेताची असेल तर त्याचा वेग टिकतो आणि पुढे निघालेला झोत मागच्याला ओढून घेतो. दीड इंचाच्या जागी अडीच इंचाची नळी घातली की तोंडाचे क्षेत्रफळ पावणेतीन पट होते आणि वेग त्याच प्रमाणात पडतो. इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ लागते असे गॅरेजात ऐकू येते. ते खरे नाही. लागतो तो वेग. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना बाराशे मीटरहून अधिक उंची गाठायची असते, तीही खालच्या गिअरमध्ये, वळणावळणाने. तिथे चार हजार आरपीएमच्या हिशेबाने बनवलेली नळी काय कामाची? शिवाय नळी आखूड करून दाराखाली सोडली तर पावसात हूड आणि पडदे लावलेल्या जीपमध्ये तोच धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या कारखानदारांनी नळी बसणाऱ्यांपासून दूर नेली, ती केवळ शोभेसाठी नव्हे.

आता धातूकडे वळू. सायलेन्सर वरच्या पावसाने सडतो अशी समजूत आहे, पण मोठे नुकसान आतून होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते. नळी पुरती तापली तर ते वाफ होऊन निघून जाते. गाडी बाजारापर्यंत नेऊन लगेच बंद केली तर तेच पाणी थोड्या आम्लासह डब्यात साठते. हौसेची गाडी आठवड्यातून एकदा, जरा वेळच सुरू होते, म्हणून तिचा डबा रोजच्या गाडीपेक्षा लवकर जातो. यावर उपाय म्हणून कोणी नळाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप वापरतो. ते तर मुळीच करू नये. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळते आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जाऊन कारागिराला ताप भरतो. खरा उपाय स्टेनलेसचा. त्यातल्या ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. ४०९ वर वरवर तांबूस गंज धरतो, पण तो स्वस्त असतो आणि दिसायलाही जुन्या पत्र्याच्या जवळचा.

अस्सलपणाचे आग्रही इथे हरकत घेतात: मूळ गाडीला साधे लोखंड होते, मग स्टेनलेस कसे चालेल? पण सायलेन्सर हा टायरसारखा झिजून बदलायचा भाग. तेव्हाही तो दर काही वर्षांनी नवा बसे. कारखान्याने टिकवायला दिला होता तो त्याचा आकार आणि त्याची जागा. कायदाही साधारण तिकडेच बोट दाखवतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. त्यांत बोलले आहे ते चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरफारांबद्दल. सायलेन्सर मात्र प्रत्येक मोटारीला मोटार वाहन नियमांनी सक्तीचाच आहे, आणि आवाजाची मर्यादा मोडली तर दंड दहा हजारांपर्यंत जातो. ते नियम आले त्याच महिन्यात, २२ जुलैला, सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसले. पुरात बुडालेल्या गाडीच्या डब्यात गाळ बसतो, आतल्या पडद्यांमागे सुकून घट्ट होतो आणि धुऊन निघत नाही. मूळ जीपला डबा क्लॅम्पने जोडलेला असतो, सोडवून काढता येतो. आजकाल मॅनिफोल्डपासून टेल पाइपपर्यंत सलग वेल्डिंग मारून देतात. असा डबा काढायचा तर कापावाच लागतो.

राहता राहिली कारागिरी. जुन्या पद्धतीत नळीत वाळू ठासून, तापवून बेंड काढत. वाळू ओली राहिली तर आत वाफ कोंडून नळी फुटायची, म्हणून ती आधी भाजून घेत. साध्या प्रेसवर वाकवलेली नळी वळणात चपटते आणि वर म्हटलेला वेग तिथेच अडतो. त्यापेक्षा तयार बेंडचे तुकडे कापून जोडणे बरे. स्टेनलेस टिगने जोडताना आतल्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर सांध्याच्या आत काळे खडबडीत दाणे धरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतो: दोन मीटर नळी ३०० अंशांनी तापली की सेंटिमीटरभर लांब होते. म्हणून हँगर रबराचेच हवेत. चासीला पक्का टाका मारला तर तडा मॅनिफोल्डच्या फ्लँजजवळ जातो. खर्च जास्त येतो ही हरकत रास्त आहे. हात आखडता असेल तर पुढची नळी साध्या लोखंडाची ठेवावी, कारण ती तापते आणि कोरडी राहते. स्टेनलेस घालावे ते फक्त डब्याला आणि मागच्या नळीला. आणि डब्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला तीन मिलिमीटरचे एक भोक पाडावे, पाणी गळून जायला.