विद्यापीठ ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल : लिहायचा कसा, वाचायचा कसा

मंडळी, विद्यापीठ ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल लिहिला जातो नेमाने, पण वाचला जातो क्वचित. विद्यापीठाच्या अहवालात ग्रंथालयाची दोन-तीन पानं असतात. तो अधिसभेपुढे जातो. केंद्रीय विद्यापीठ असेल तर संसदेच्या पटलावर ठेवला जातो. नॅकची समिती येणार म्हटल्यावर जुने अहवाल शोधले जातात. एरवी आपलं तिकडे लक्ष नसतं. आणि तरीही पुढच्या वर्षी कोणती नियतकालिकं चालू राहणार नि कोणती बंद होणार, हे पुष्कळदा त्यातल्या एखाद्या आकड्यावर ठरतं. म्हणून आज हा अहवाल आपण थोडा उलगडून पाहू.

त्यात ढोबळमानाने चार गोष्टी असाव्यात. पहिली, संग्रह : दाखल नोंदवहीत किती ग्रंथ चढले, किती निर्लेखित झाले, कोणती नियतकालिकं आणि डेटाबेस घेतले. दुसरी, पैसा : तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती. तिसरी, वापर : देवघेव, वाचनकक्षातली उपस्थिती, ऑनलाइन वापर. चौथी, माणसं : मंजूर पदं किती आणि भरलेली किती. ही चौथी गोष्ट बऱ्याचदा गाळली जाते. पण संध्याकाळी वाचनकक्ष लवकर बंद का होतो, याचं उत्तर तिथेच असतं.

आता यात एक साधी पण नडणारी अडचण आहे. पैशाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. विद्यार्थ्यांचं वर्ष जून-जुलैपासून. खर्च एका वर्षाचा घेतला, वापर दुसऱ्याचा घेतला आणि भागाकार केला, तर उत्तर येतं खरं. पण ते कशाचं उत्तर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक तक्त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलंच हवं.

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे : आपल्याला जे माहीत आहे, ते कशावरून माहीत आहे? तोच इथे विचारू या. ‘वापर’ म्हणजे नेमकं काय मोजलं? ऑनलाइन नियतकालिकांसाठी ‘काउंटर’ नावाची आंतरराष्ट्रीय मोजणीपद्धत आहे. तिच्या पाचव्या आवृत्तीत एकूण मागण्या वेगळ्या मोजतात आणि एकमेव मागण्या वेगळ्या. एकाच वाचकाने एकाच बैठकीत एक लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग त्याची पीडीएफ उतरवली, तर एकूण मागण्या दोन होतात, एकमेव मागणी एकच. अहवालात गेल्या वर्षी पहिला आकडा आणि यंदा दुसरा दिला, तर वापर घसरल्यासारखा दिसेल. प्रत्यक्षात बदललं असेल ते फक्त मोजमाप.

छापील ग्रंथांचीही हीच गत. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती, असं त्यात दिसलं. त्यावर मोठा वाद झाला. आक्षेपांतला एक असा, की जे पुस्तक घरी नेलं नाही ते वाचलंच गेलं नाही, असं कसं म्हणता येईल? कोश आपण घरी नेतो का? मांडणीपाशी उभ्याउभ्या चाळलेल्या पुस्तकाची नोंद कुठे होते? तेव्हा टेबलांवर राहिलेली पुस्तकं परत लावण्याआधी त्यांची नोंद घ्यावी. काम कंटाळवाणं आहे, पण वर्षातले काही ठरावीक आठवडे केलं तरी अंदाज येतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने आले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. आता गंमत बघा. आपले अहवाल काय दिलं ते सांगतात. काय देता आलं नाही, ते सांगत नाहीत. मागितलेलं पण न मिळालेलं पुस्तक, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायला लागलेला लेख, यांची यादी अहवालात असेल, तर पुढच्या वर्षीच्या खरेदीला तिच्याइतका चांगला आधार नाही.

हरवलेल्या पुस्तकांचंही तसंच. ग्रंथपालाला भीती वाटते, की हानी दाखवली तर आपल्यावर येईल. मग एक तर पडताळणी लांबते, नाही तर कपाटांना कुलपं लागतात. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनीच मान्य केलंय, की वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा पाहिलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ पर्यंतची हानी वाजवी मानता येईल. निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा असेल तर गोष्ट वेगळी. अशा तरतुदीमागचा विचार सरळ आहे : पुस्तकं वाचकांच्या हाती दिली, की थोडी झीज होणारच. ती लपवली, तर पुढे वाचकांचाच रस्ता बंद होतो.

शेवटचा मुद्दा, आणि खरा जिव्हाळ्याचा. समजा, एका नियतकालिकाची वर्गणी ३०,००० रुपये आहे आणि त्याचे लेख वर्षात ३०० वेळा उघडले गेले. दरवेळचा खर्च १०० रुपये. दुसऱ्याची वर्गणी १२,००० आणि वापर १२ वेळा. खर्च १,००० रुपये. फक्त हा आकडा पाहिला तर दुसरं बंद होणार. पण ते पाली विभागाचं एकमेव नियतकालिक असेल, विभागात संशोधक चारच असतील आणि चौघेही ते वाचत असतील, तर? तिथे वापर पूर्ण आहे. वाचक थोडे आहेत. हा फरक भागाकारात दिसत नाही, तो वाक्यात लिहावा लागतो. तक्त्याखाली दोन ओळी लिहायच्या त्या यासाठी.

तेव्हा आपल्यापैकी जे अधिसभेत असतील, ग्रंथालय समितीवर असतील किंवा नुसते वाचक असतील, त्यांनी यंदाचा अहवाल मागून घ्यावा. मागच्या तीन वर्षांचे शेजारी ठेवावेत. प्रत्येक आकड्याला विचारावं : तू काय मोजलंस, कोणत्या काळात, आणि कोणाला मोजायचं राहून गेलं? उत्तर मिळालं नाही, तर हा प्रश्न लेखी द्यावा. वाचणारा कोणी आहे हे कळलं, की अहवाल लिहिणाऱ्यालाही हुरूप येतो.