दिसायला एकच नाव, तरी कॉम्प्युटर म्हणतो वेगळं

या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना 'हा र आणि तो र' यात बऱ्याच जणांचा गोंधळ झाला असणार, कारण हा विषय कानांपेक्षा डोळ्यांचा आहे. म्हणून बोलण्यातला पसारा थोडा कमी केलाय आणि उदाहरणं लिहून दाखवली आहेत.

तर झालं असं. एका पतसंस्थेच्या लाभांशाचं काम माझ्याकडे आलं. याद्या दोन. एक सभासदांची, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आणि नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेली. दुसरी बचत खात्यांची, अलीकडे थेट युनिकोडमध्ये भरलेली. दोन्हीकडे सामायिक असा क्रमांक नाही, त्यामुळे नाव आणि गाव जुळवायचं आणि रक्कम खात्यात टाकायची. (नुसत्या नावावरून पैसे टाकणं मुळातच बरोबर नाही, मान्य.) पायथनमध्ये दहा-बारा ओळींचं काम. बहुतेक नावं जुळली. उरलेल्यांपुढे 'खातं नाही' असा शेरा लागला आणि यादी तशीच पुढे गेली.

पंधरा दिवसांनी एक आजी पासबुक घेऊन काउंटरवर उभ्या. खातं होतं, कित्येक वर्षांपासून होतं. आडनाव कऱ्हाडे.

मग मी न जुळलेली यादी पहिल्यांदा नीट वाचली. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे. आणि नावाआधी 'ॲड.' लावणारे यच्चयावत वकील! एवढं बघितल्यावर कळलं की दोष माणसांत नाही, अक्षरांत आहे.

पायथनमध्ये दोन स्ट्रिंगमध्ये दुहेरी बरोबरचं चिन्ह टाकलं की तो काय बघतो? अक्षरांचे आकार नाही. प्रत्येक चिन्हाला युनिकोडने दिलेला क्रमांक असतो, कोड पॉइंट. पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असे क्रमांक जुळले तरच उत्तर हो. (जावावाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. तिथे दुहेरी बरोबर 'मेमरीतली वस्तू तीच आहे का' एवढंच बघतं. मजकूर बघायचा तर इक्वल्स वापरायचं. पण ते वापरूनही आपला आजचा प्रश्न सुटत नाही.)

आता 'दऱ्या' हा शब्द घ्या, डोंगरदऱ्यांतला. तो तीन प्रकारे लिहिता येतो. पहिला: द, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, काना. पाच कोड पॉइंट. दुसरा: साधा र, मग नुक्ता वेगळा, मग बाकीचं. सहा. तिसरा: साधा र, हलन्त आणि त्यानंतर 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह. हेही सहाच. पडद्यावर तो 'दर्‍या' असा दिसतो. वरच्या 'दऱ्या'शी ताडून बघा, फरक सापडला तर मला कळवा. ही अदृश्य चिन्हाची पद्धत युनिकोडने जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे, म्हणजे ती चूक नाही. आमच्या कन्व्हर्टरने नेमकी तीच वापरली होती.

यावर नेटवरचा नेहमीचा सल्ला म्हणजे नॉर्मलाइझ करा. युनिकोडमध्ये एन-एफ-सी नावाचं प्रमाणरूप आहे, पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये त्याचं फंक्शन तयार मिळतं. बहुतेक लेख फ्रेंच 'कॅफे'तला चिन्हवाला 'ई' दाखवतात आणि तिथेच थांबतात. आपल्याला त्याने अर्धीच मदत होते. र आणि सुटा नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो, म्हणजे दुसरा प्रकार पहिल्यात आला. (गंमत म्हणजे नुक्त्याच्या ज़चं उलटं होतं. तो एकसंध लिहिला असला तर एन-एफ-सी त्याचे दोन तुकडे करतं.) पण तिसऱ्या प्रकाराला ते हातही लावत नाही. त्याच्या लेखी अदृश्य जॉइनर हे एक स्वतंत्र चिन्ह आहे.

वकिलांचंही तेच. ॲ हे एकच चिन्ह आहे, युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, मध्ये कधी जॉइनर घालायचे, कधी नाही. असं लिहू नका, असं युनिकोड सांगतं, पण दोन्हींना समान मात्र मानत नाही. म्हणून इथेही एन-एफ-सीचा उपयोग शून्य.

मग मी दुसरा सल्ला ऐकला: सगळी अदृश्य चिन्हं उडवून टाका. इथे खरी फजिती झाली. जॉइनर उडवला की 'दर्‍या'चा होतो 'दर्या'. डोंगरातली दरी गेली, समुद्र आला! 'आचार्‍यांना जेवायला वाढा'मधले स्वयंपाकी क्षणात 'आचार्यांना' होऊन पंगतीत बसतात. आमच्या यादीत कऱ्हाडेंच्या डोक्यावर रफार चढला, आणि ते तरीही खात्याच्या यादीतल्या कऱ्हाडेंशी जुळेनातच. म्हणजे आधी एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, आता त्यातलं एक चक्क चुकीचं लिहिलेलं झालं. आणि शब्दकोशात किंवा शोधयंत्रात हा उपाय केला असता तर अर्थाने वेगळे असलेले दोन शब्द एक ठरले असते. न जुळण्यापेक्षा हे वाईट, कारण न जुळलेलं निदान यादीत उरतं.

शेवटी क्रम असा बसला. आधी एन-एफ-सी. मग जिथे साधा र, हलन्त आणि जॉइनर ओळीने आले असतील तिथे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. मग अ वर चंद्र असेल, मध्ये जॉइनर असो वा नसो, तिथे ॲ. हे झाल्यावरच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची, आणि कडेच्या व जास्तीच्या मोकळ्या जागा. यातलं काहीही मूळ नावावर करायचं नाही. तुलनेसाठी वेगळा रकाना करायचा. पत्रावर छापायचं ते माणसाने दिलेलं नाव, जसंच्या तसं.

एकाने विचारलं, मग ऱ्हस्व-दीर्घही एक करून टाकू का? माझं मत, नको. 'दिन' आणि 'दीन' हे लिहिण्याच्या दोन पद्धती नाहीत, दोन शब्द आहेत. ऱ आणि ॲचा प्रश्न एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणीचा होता. वेलांटी कुठली, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. तिथे फार तर 'जवळपास सारखं' अशी खूण करून माणसापुढे ठेवावं.

जाता जाता, लहान-मोठं ठरवणारी तुलनाही कोड पॉइंटवरच चालते. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये 'कळ' आधी आणि 'कवडी' नंतर येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. याद्या छापायच्या असतील तर आयसीयू लायब्ररीत मराठीचे क्रमाचे नियम आहेत, ते वापरा. त्यावर वेगळा भाग करू.

नव्या रकान्यावर काम पुन्हा चालवलं तेव्हा वकील मंडळी आणि ऱ वाले सगळे जुळले, आजींची रक्कम त्याच आठवड्यात जमा झाली. उरली ती गावाच्या नावाची भानगड: एका यादीत कराड, दुसरीत कऱ्हाड. ती मी कोडमध्ये घातली नाही. छापील यादी तिथल्या क्लार्कबाईंना दिली, त्यांनी एका दुपारी फोन करून ती संपवली.