वंशावळीचा शोध

कुलवृत्तान्त जमविणाऱ्याच्या संध्याकाळी नातलगांशी पत्रव्यवहार करण्यात जातात. सुटीच्या दिवशी नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठून तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहायच्या. जुन्या नोंदी मोडीत. मोडी येते म्हटल्यावर शेजारीही आपली कागदपत्रे वाचून घेतात, अर्थात फुकट! त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. ‘गणेश रामचंद्र’ आणि ‘रामचंद्र गणेश’ आलटून पालटून येतात आणि मधल्या दोन पिढ्या सहज गळतात. यात्रेचा शक पाहूनच उलगडा होतो. खरी अडचण स्त्रियांची. जुन्या वंशावळींत बहुधा मुलींची नोंदच नसते, आणि लग्नात नावही बदलले जाई. म्हणून हा गृहस्थ लग्नकार्यातही वही घेऊन जातो. पणजीचे माहेरचे नाव एखाद्या वृद्ध आत्याबाईंनाच ठाऊक असते.