सरड्याच्या घरात ऊन हवं!

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं, की शहर मागे पडता पडता बिजौली येतं. कारखान्यांच्या शेड्स आणि आजूबाजूला बुंदेलखंडाचा तो खडकाळ, झुडपी माळ. इथे घोरपड काही नवलाची नाही. पावसाळ्यात एखादं ठिपकेदार पिल्लू भिंतीच्या कडेला किंवा लाकडांच्या ढिगात दिसतं आणि एकच गलका होतो, ‘बिसखोपरा! बिसखोपरा!’ तो चावला तर माणूस पाणीही मागत नाही, अशी तिकडची समजूत. प्रत्यक्षात हा भयंकर बिसखोपरा म्हणजे घोरपडीचंच पिल्लू. त्याच्या चाव्याने माणूस दगावत नाही. पण या समजुतीपायी दरवर्षी कितीतरी पिल्लं काठीखाली जातात.

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत. त्या घरांतली आजी घोरपडीची वेगळीच गोष्ट सांगते. सिंहगडाचा कडा चढणारी तानाजीची यशवंती! ही दंतकथाच, पण ती ऐकलेल्या नातवाने अंगणातलं पिल्लू बुटांच्या खोक्यात घालून आणलं आणि विचारलं, ‘आई, हिला पाळू या?’ तर आईने काय सांगावं?

उत्तर एकच : नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे 1972 च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा असून त्याला 3 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. घोयरा सरडा आणि राजस्थान-गुजरातेतला सांडा यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा खोकं उघडायचं आणि पिल्लू जिथे सापडलं तिथेच सोडायचं. (जत्रेत ‘हत्थाजोडी’ नावाची मुळी विकतात, तीही बहुधा घोरपडीचाच वाळवलेला अवयव असतो. तिच्या वाटेला जाऊ नका.)

मग हौसेने पाळायला उरतात ते परदेशी सरडे. त्यांतला सर्वात लोकप्रिय म्हणजे हिरवा इग्वाना. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांचा. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे, आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ यंत्रणेवर करावी लागते. त्याचा जन्म, मृत्यू, मालक बदलणं हेसुद्धा कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर पुढे बोलूच नका.

कागदांपेक्षा मोठा प्रश्न घराचा. दुकानातलं पिल्लू वीतभर असतं. दुकानदार त्याच्याबरोबर काचेची एक माशांची टाकी, एक बल्ब आणि एक प्लास्टिकची फांदी देतो. झालं घर! पण हेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच-सहा फुटांचं होतं आणि नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. म्हणजे आज चौथीतल्या मुलाने हट्टाने आणलेला इग्वाना त्याच्या लग्नातही हजर असू शकतो!

त्याला लागतो तो पिंजरा नव्हे, जवळजवळ कपाटच. सहा फूट उंच, तितकाच लांब आणि किमान तीन फूट खोल. हा झाडावरचा प्राणी, म्हणून उंचीला महत्त्व. चांगला सुतार लाकडी चौकट आणि पाण्याने न फुगणारं प्लायवूड वापरून तो करून देतो. समोर प्लास्टिकचं आवरण असलेली जाळी घ्यावी, कारण उघड्या तारेवर नाक घासून घासून तो जखम करून घेतो. आत त्याच्या अंगाइतक्या जाड फांद्या घट्ट बसवायच्या. तळाला साधं वर्तमानपत्र उत्तम. वाळू किंवा भुसा पोटात जातो.

आता खरी गोष्ट. सरड्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. आपण थंडीत कुडकुडतो, उन्हात घामाघूम होतो, पण आतलं तापमान तेच राहतं. सरडा मात्र उन्हात गेला की तापतो, सावलीत गेला की निवतो. खाल्लेलं पचणं, हालचाल करणं, आजाराशी झुंजणं, सगळं त्या तापण्यावर अवलंबून. जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात थंडीची लाट आली, तेव्हा तिथल्या हवामान खात्याने चक्क इशारा दिला होता की झाडांवरून इग्वाना पडू शकतात! ते मेलेले नव्हते, गारठून ताठरले होते.

म्हणून पिंजरा सगळीकडे सारखा गरम करून चालत नाही. त्याला निवड हवी. वरच्या एका फांदीवर 35 ते 38 अंश, दुसऱ्या टोकाला 27-28, आणि रात्री 23 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर लावा, हाताच्या अंदाजावर विसंबू नका. बल्ब जाळीच्या बाहेर हवा आणि त्याला थर्मोस्टॅट हवाच. गरम होणारे दगड विकायला येतात, ते घेऊ नयेत. पोट भाजलं तरी सरडा त्यावरून पटकन उठत नाही.

बिजौलीसारख्या ठिकाणी हे गणित आणखी अवघड होतं. जानेवारीची पहाट 7-8 अंशांवर उतरते आणि मे महिन्यात पारा 45 पार करतो. पत्र्याच्या छताखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत पिंजरा ठेवला, तर मेच्या दुपारी जनावर भाजूनच निघेल. घरातली सर्वात आतली खोली निवडा. शिवाय त्याला हवा दमट लागते आणि उन्हाळ्यात तिकडची हवा पापडासारखी कोरडी. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारावा आणि अंग बुडेल असं पसरट भांडं आत ठेवावं. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या इग्वानाची मूत्रपिंडं निकामी होतात. थंडीत वीज गेली तर काय, याचाही विचार आधीच करा. इन्व्हर्टर नसेल तर हा छंद नको.

ऊब झाली, पण ऊन? त्यातल्या अतिनील किरणांशिवाय त्याच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्याशिवाय कॅल्शियम मुरत नाही. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय सुजतात, हाडं वाकतात, अंगाला कंप सुटतो. हौसेने आणलेले कितीतरी इग्वाना असेच कणाकणाने संपतात आणि मालक म्हणतो, ‘रोज खिडकीत उन्हात ठेवत होतो हो!’ खिडकीची काच हे किरण अडवते, इथेच सगळं चुकतं. त्यासाठी खास नळी मिळते. ती फांदीपासून फूट-दीड फुटावर, मध्ये काच न येता लावायची आणि प्रकाश देत असली तरी वर्षाच्या आत बदलायची. कारण उजेड राहतो, किरण संपतात. थंडीत दुपारी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, तासभर खरं ऊन द्यावं. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवायची नाही, तिची भट्टी होते.

जेवण सोपं आहे. इग्वाना शुद्ध शाकाहारी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा, फरसबी बारीक चिरून द्या. पालक आणि अळू रोज नको, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. अंडं, मटण, पनीर अजिबात नको.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थांबा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि पिंजऱ्यातली भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाहीत.

आणि सरड्यांवर इलाज करणारा पशुवैद्य आपल्या गावापासून किती लांब आहे, हे प्राणी आणण्याआधी विचारून घ्या. झेपेनासा झाला म्हणून त्याला बेतवेच्या काठी सोडून देणं हा उपाय नव्हे. तो पहिल्या थंडीत मरेल किंवा जगला तर आणखी वाईट. फ्लोरिडातले ते झाडांवरून पडणारे इग्वानाही तिथले नव्हेतच. बाहेरून आलेल्या, पाळीव म्हणून सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या इग्वानांचीच ती पिलावळ.